आधी पत, मग करार

श्रीरामपूर तालुक्यातल्या सात-आठ एकरांच्या बागायतदाराचं वर्ष चार गोष्टींवर निभावतं: कालव्यावरचा ऊस, पावसाळ्यातलं सोयाबीन, उन्हाळी कांदा आणि गोठ्यातलं दूध. ऊस कारखान्याला जातो, सोयाबीन आणि कांदा मार्केट यार्डात, दूध गावातल्या संकलन केंद्रावर. चारही व्यवहार घरापासून हाकेच्या अंतरावर उरकतात. भाव मात्र वेलिंग्टन, जकार्ता, काठमांडू आणि ढाका इथल्या सरकारांशी आपलं काय जमलं आणि काय बिनसलं, यावर वर-खाली होतो. म्हणूनच भारताने एकेका देशाशी स्वतंत्र करार करावेत की देशांच्या गटात सामील व्हावं, हा प्रश्न दिल्लीतल्या जाणकारांवर सोडून आपण मोकळं होऊ शकत नाही.

मी श्रीरामपूरच्या बाजारात कांदा खरेदी करतो आणि परराज्यांत, तसंच बांगलादेशाच्या हद्दीवर पाठवतो. घरची जमीन बेलापूरच्या शिवारात आहे आणि तिच्यात हीच पिकं निघतात. लिलावात बोली लावणारा व्यापारी आणि हातातल्या विक्रीच्या पट्टीकडे बघत उभा राहिलेला शेतकरी, दोघांचीही बाजू मला ठाऊक आहे. या अनुभवातून एक मत पक्कं झालं आहे. स्वतंत्र करार आणि गटाचे करार दोन्ही लागतील. कोणता माल कोणत्या करारात घालायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे पिकागणिक ठरवावं लागेल. पण त्याहीआधी, ठरलेला माल ठरल्या वेळी देणारा देश अशी आपली पत शेजाऱ्यांत असली पाहिजे. ती नसेल तर करार कोणताही असो, कांदा पिकवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

दुधापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपण शहाणपणा दाखवला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या सोळा देशांच्या प्रस्तावित व्यापार गटातून माघार घेतली. त्या गटात चीन होता, तसेच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही होते. न्यूझीलंडमध्ये दूध मुबलक आणि खाणारी तोंडं मोजकी. तिथलं बहुतांश दूध पावडर, लोणी, चीज होऊन परदेशात जातं. इकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गायीच्या दुधाचा भाव पावडरीच्या बाजाराशी बांधलेला आहे. शहरात खपून उरलेल्या दुधाची पावडर होते; पावडर पडली की दुसऱ्याच आठवड्यात संकलन केंद्रावरचा दर उतरतो. २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारला गायीच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. बाहेरची पावडर न येताही ही अवस्था होती. ती कमी शुल्कात आली असती तर दोन-तीन गायींवर घर चालवणाऱ्या बाईचं काय झालं असतं, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू होऊ लागला. भारत एकटा पडेल, असं तेव्हा ठिकठिकाणी लिहून आलं. तसं झालं नाही. जपान, दक्षिण कोरिया आणि आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ गटाच्या दहा देशांशी आपले करार आधीपासूनच होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाली. म्हणजे चीन वगळला तर त्या गटातल्या प्रत्येक देशाशी आपला व्यवहार ठरला आहे आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या दोन्ही करारांत दूध-दुभतं बाहेर ठेवलेलं आहे. दूध वगळलं म्हणून न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, विन्स्टन पीटर्स यांनी, स्वतःच्याच सरकारने केलेल्या कराराला उघड विरोध केला. गटात बसून एकाच वेळी अनेक देशांशी शुल्कयाद्या जुळवायच्या असतात, तेव्हा असं वगळणं अवघड जातं. समोरासमोर दोनच देश बसले की एकेका मालावर अडून बसता येतं. दुधासारख्या नाजूक मालासाठी स्वतंत्र करारच बरा, हे यातून सिद्ध झालं.

पण स्वतंत्र बोलणी म्हणजे शेतकऱ्याचा फायदाच, असं समजू नये. ऊस आणि सोयाबीनची गोष्ट वेगळी आहे.

इंडोनेशिया साखरेचा मोठा ग्राहक. थायलंड आणि ऑस्ट्रेलियाची कच्ची साखर तिथे ५ टक्के शुल्कावर जायची, आपल्या साखरेला त्याहून जास्त शुल्क पडायचं. इंडोनेशियाला आपल्याकडे पामतेल विकायचं होतं, आपल्याला तिकडे साखर. २०१९-२० च्या सुमारास बोलणी झाली, इंडोनेशियाने आपल्या साखरेला इतरांच्या बरोबरीने ५ टक्क्यांवर आणलं आणि नंतरच्या हंगामात तो देश आपलं मोठं गिऱ्हाईक झाला. त्याच काळात, आसियान कराराप्रमाणे, आपल्याकडे रिफाइंड पामतेलाचं शुल्क ५० वरून ४५ टक्क्यांवर आलं. साखर बाहेर गेली की कारखान्याकडे पैसा येतो आणि उसाची बिलं निघतात. प्रवरेच्या पट्ट्याला ते हवंच होतं. पण पामतेल स्वस्त झालं की सोयाबीन तेलाला मागणी उरत नाही आणि यार्डात सोयाबीन पडून राहतं. ऊसवाला आणि सोयाबीनवाला हे दोन वेगळे शेतकरी असते तर एकाचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान असा हिशेब मांडता आला असता. आमच्याकडे तो एकच माणूस आहे. त्याच्या एका वावरात मिळवलेलं दुसऱ्या वावरात जातं आणि हा सौदा झाला होता, हे त्याला कोणी सांगतही नाही.

सोयाबीनची दुसरी जखम गटाच्या करारातून झाली. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजार ४ हजारांच्या आसपास रेंगाळत राहिला. भावाला आधार मिळावा म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. अधिभार धरून ते २७.५ टक्के झालं. रिफाइंड तेलावर त्याहून जास्त. निर्णय चांगला होता. पण दक्षिण आशियाई देशांच्या ‘साफ्टा’ करारात नेपाळसारख्या अल्पविकसित देशाच्या मालाला आपल्याकडे शुल्क माफ आहे. नेपाळात सोयाबीन नावालाच पिकतं. तिथले कारखाने अर्जेंटिनासारख्या दूरदेशातून कच्चं तेल आणतात, शुद्ध करतात आणि नेपाळी माल म्हणून बिनशुल्क भारतात पाठवतात. इकडे शुल्क वाढलं तसा हा ओघही वाढला. तेल गाळणाऱ्या आपल्या उद्योगाच्या संघटनांनी सरकारकडे वारंवार तक्रार केली. नेपाळसारख्या देशाच्या मालात किमान ३० टक्के मूल्यवृद्धी तिथे झालेली असावी, असा नियम करारातच आहे. तो तपासण्याचे अधिकार २०२० च्या सीमाशुल्क नियमांनी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. हे अधिकार सीमेवर सातत्याने आणि कसून वापरले तर सोयाबीनला मिळालेलं संरक्षण मागच्या दाराने निघून जाणार नाही. नेपाळशी मैत्री राखायला कोणाची हरकत नाही. त्या मैत्रीचा भार मात्र लातूरपासून श्रीरामपूरपर्यंतच्या सोयाबीनवाल्याने एकट्याने का वाहावा?

आता कांदा. माझं आयुष्य या मालात गेलं आहे, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि साठवणीसाठी कांदाचाळीत जातो. चाळीतला कांदा दिवाळीपर्यंत थोडा-थोडा बाहेर काढायचा, असा सगळ्यांचा बेत असतो. आमच्याकडून माल भरलेली गाडी तीन-चार दिवसांत पश्चिम बंगालच्या हद्दीवर पोचते: घोजाडांगा, पेट्रापोल किंवा महादीपूर. पलीकडे भोमरा, बेनापोल, सोनामस्जिद. तिकडच्या आयातदाराने बँकेची एलसी, म्हणजे पैशांची हमी, उघडलेली असते, गाडी ओलांडून गेली की पैसे सुटतात. या व्यवहाराला कोणताही मोठा करार लागत नाही. दोन्ही बाजूंना एकच खात्री लागते, की आज ठरलेला सौदा गाडी पोचेपर्यंत कायदेशीर राहील.

ती खात्री आपण पुन्हा पुन्हा मोडली. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी आली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या आणि उद्योजकांच्या सभेत त्यांनी कांद्याचा विषय स्वतः काढला. बंदी घालू नका, असा त्यांचा आग्रह नव्हता. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मार्च २०२० मध्ये बंदी उठली आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा आली, तीही सूचना न देता. शेकडो ट्रक हद्दीवर अडकले. त्या रांगेत आमच्याही गाड्या होत्या आणि ताडपत्रीखाली घामेजलेला कांदा कसा पाणी सोडतो, ते मी पाहिलं आहे. काही दिवसांनी बांगलादेशासाठी म्हणून २५ हजार टनांची सवलत मिळाली, तोवर गाडीतला बराच माल फेकण्याजोगा झाला होता.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा पूर्ण बंदी. पुढच्या काही दिवसांत लाल कांद्याचा भाव निम्म्याच्या आसपास आला. सकाळी वक्कल लावून गेलेला शेतकरी दुपारी भाव ऐकून गोणी परत गाडीत टाकायचा आणि उद्या काय मिळेल या भीतीने तीच गोणी पुन्हा खाली घ्यायचा. याच बंदीच्या काळात काही मित्रदेशांना मात्र कांदा जात होता. केंद्राने सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी दिली: बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. निर्यात एका सहकारी संस्थेमार्फत व्हायची. देशादेशांतल्या मैत्रीचा मी आदर करतो. पण अशी परवानगी सवलत म्हणून येते आणि सवलतीच्या भरवशावर ना आयातदार बाजार उभा करू शकतो, ना शेतकरी पुढच्या वर्षीची लागवड ठरवू शकतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२-२३ मध्ये देशातून २५ लाख टनांहून जास्त कांदा निर्यात झाला. २०२३-२४ मध्ये तो १७ लाख टनांवर आला आणि २०२४-२५ मध्ये, १८ मार्चपर्यंत, ११.६५ लाख टन. १ एप्रिल २०२५ पासून उरलेलं २० टक्के शुल्कही हटलं, आपलं दार पूर्ण उघडलं. पण तोवर गिऱ्हाइकाने दुसरी सोय पाहिली होती. बांगलादेशाने पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडून माल आणायला सुरुवात केली, स्वतःच्या शेतकऱ्यांना बियाणं देऊन लागवड वाढवली आणि आपला कांदा निघाला की आयातीचे परवाने रोखून धरायला लागला. पलीकडचे जुने व्यापारी फोनवर आजही प्रेमाने बोलतात. सौदा करताना मात्र विचारतात, की गाडी येईपर्यंत तुमचं सरकार काही काढणार नाही ना. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं.

जागतिक व्यापाराचे नियम या बाबतीत मदतीला येत नाहीत. अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी घालण्याची मुभा ते देतात. ज्यांच्याकडे माल जातो त्यांचा विचार करावा आणि शक्य तितकं आधी कळवावं, असंही सांगतात. पण यातलं ‘शक्य तितकं’ किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मग उपाय काय? तो आपल्याच दप्तरात आहे. मालदीवशी आपला १९८१ चा व्यापार करार आहे. त्या कराराखाली दरवर्षी तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळी, बटाटे, अंडी आणि कांदा यांचा ठरावीक कोटा मालदीवला जातो. मुख्य म्हणजे भारताने त्या वस्तूवर निर्यातबंदी घातली तरी हा कोटा थांबत नाही. २०२४-२५ साठी कांद्याचा कोटा ३५,७४९ टन होता. तो जाहीर झाला तेव्हा देशात कांद्याची निर्यातबंदी चालू होती आणि भारतीय सैनिकांनी माघारी जावं, असं मालदीवचं नवं सरकार म्हणत होतं. राजकारण बिघडलेलं असतानाही भारताने दिलेला शब्द पाळला. असा शब्द आपण बांगलादेशाला आणि श्रीलंकेला का देऊ नये? २०२२ च्या डिसेंबरमध्ये बांगलादेशच्या वाणिज्यमंत्र्यांनी दिल्लीत येऊन जीवनावश्यक वस्तूंच्या अशाच वार्षिक कोट्याची मागणी केली होती. त्यानंतर ढाक्यात सरकार बदललं, संबंध ताणले गेले, दोन देशांमधला सर्वंकष व्यापार करार लांबला. कोट्याचं बोलणं मात्र सर्वंकष कराराची वाट न पाहता करता येतं.

गटाचं महत्त्व मला इथे दिसतं. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, म्यानमार, थायलंड आणि भारत हे ‘बिमस्टेक’चे सदस्य आहेत, म्हणजे आमच्या कांद्याचे शेजारचे बहुतेक ग्राहक एकाच गटात आहेत. मुक्त व्यापाराच्या आराखड्यावर या गटात २००४ मध्ये सह्या झाल्या. दोन दशकं उलटली, करार झालेला नाही. हजारो वस्तूंच्या शुल्कयाद्या जुळवत बसण्यापेक्षा या गटाने आधी अन्नापुरते तीन नियम करावेत: निर्यात थांबवायची असेल तर किमान महिनाभर आधी सूचना; एलसी उघडलेला किंवा रस्त्यात असलेला माल बंदीतून मुक्त; आणि प्रत्येक आयातदार देशाला मालदीवसारखा किमान वार्षिक कोटा. त्या बदल्यात पलीकडच्यांनीही आपला हंगाम सुरू झाला म्हणून एका रात्रीत परवाने बंद करू नयेत. बंधन दोन्हीकडे असेल तरच ते टिकेल.

यावर एक रास्त शंका येते. देशात कांदा महागला तर शहरातल्या गरिबाने काय करायचं? ही शंका मी झटकून टाकणार नाही. आमच्या गिऱ्हाइकांत तोही आहे. पण प्रमाण बघा. देशात वर्षाला अडीचशे ते तीनशे लाख टन कांदा पिकतो आणि निर्यात चांगल्या वर्षीही पंचवीस लाखांच्या आसपास असते. शेजाऱ्यांना हमीचा कोटा द्यायचा झाला तर तो एकूण उत्पादनाच्या काही टक्क्यांतच बसतो. शिवाय सरकार दरवर्षी भाव स्थिरीकरणासाठी कांदा खरेदी करून साठवतं. २०२४-२५ मध्ये तो साठा ४.७ लाख टनांचा होता. हा साठा वेळेवर आणि योग्य शहरांत उतरवला, चाळींना आणि शीतसाखळीला पैसा दिला, तर गरिबाच्या ताटात कांदा राहील आणि शेतकऱ्याचा बाजारही राहील. निर्यातबंदी भाव पाडते हे खरं; त्या पडलेल्या भावाची किंमत एकट्या पिकवणाऱ्याकडून वसूल होते आणि बाजार हातचा जातो तो कायमचा.

शेवटचा मुद्दा निर्णय कोण घेतं याचा. घटनेप्रमाणे शेती राज्याचा विषय आणि परदेशी व्यापार केंद्राचा. व्यापार करारावर सही करण्याआधी संसदेची संमती घ्यावी लागत नाही, राज्यांना विचारण्याचं बंधन नाही. आसियान करार झाला तेव्हा २००९ मध्ये केरळ सरकारने आपल्या मिरी, रबर आणि नारळाच्या काळजीने उघड विरोध केला, मानवी साखळी उभी राहिली. महाराष्ट्राने कांदा, सोयाबीन, दूध आणि साखरेसाठी असा आवाज एकत्र येऊन कधी काढलेला नाही. प्रत्येक करारापूर्वी राज्याने पिकागणिक परिणामाचा अहवाल तयार करून विधिमंडळात मांडावा. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्यापासून जवळच आहे. असा अभ्यास करायला लागणारी माणसं आणि माहिती तिथे आहे. इंडोनेशियाशी पामतेलाचं बोलणं चालू असताना सोयाबीनवर काय परिणाम होईल, हे त्या अहवालात स्वच्छ लिहिलेलं असावं आणि ते मराठीत असावं, म्हणजे ज्याचं नुकसान होणार आहे त्याला वाचता येईल.

दूध कराराबाहेर ठेवून आपण दाखवलं आहे, की ठामपणे बसलं तर हवं ते मिळवता येतं. मालदीवला कोटा देऊन दाखवलं आहे, की बंदीतही शब्द पाळता येतो. या दोन गोष्टी आपल्या सरकारला जमल्या आहेत, म्हणून उरलेल्या मागण्या अवास्तव नाहीत. पुढचा उन्हाळी कांदा चाळीत जाण्याआधी बांगलादेश आणि श्रीलंकेशी वार्षिक कोट्याची बोलणी सुरू व्हावीत, नेपाळच्या हद्दीवर तेलाच्या मूळ देशाची तपासणी कडक व्हावी आणि आमच्या भागाच्या खासदार-आमदारांनी या दोन प्रश्नांची उत्तरं सभागृहात मागावीत. मतं मागायला ते आमच्या यार्डात येतात, तेव्हा ही उत्तरं त्यांच्याजवळ असली पाहिजेत.